एका सायकलीचा क्लेम आणि आपली साक्ष

मननासाठी: निर्गम २२:७-१३, मत्तय ६:१९-२१



चोरीला गेलेल्या वस्तूची भरपाई कशी ठरवावी, याचे नियम पवित्र शास्त्रात आहेत. दहा आज्ञा येतात निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि हे नियम येतात त्यानंतर थोड्याच अंतरावर, बाविसाव्या अध्यायात. वाचताना आपण हा भाग भरभर ओलांडून पुढे जातो. बैल, गाढव, मेंढरू, शेजाऱ्याकडे ठेवलेली ठेव, हे सारे फार जुन्या काळचे वाटते. पण आमच्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाची सायकल चोरीला गेली, आणि विम्याचा फॉर्म समोर ठेवून आम्ही दोघे-तिघे स्वयंसेवक त्यांच्याबरोबर बसलो, तेव्हा हाच अध्याय फार जवळचा वाटू लागला.

त्या नियमांत काय आहे ते आधी पाहू. एखाद्याने शेजाऱ्याकडे वस्तू ठेवली आणि ती चोरीला गेली, तर चोर सापडल्यास त्याने दुप्पट भरून द्यावे. चोर सापडला नाही, तर ज्याच्या घरात वस्तू होती त्याने देवासमोर उभे राहावे आणि आपण त्या वस्तूला हात लावला नाही हे सांगावे. राखायला दिलेले जनावर कोणी पाहिलेले नसताना मेले किंवा कोणी हाकून नेले, तर त्या दोघांमध्ये परमेश्वराची शपथ असावी, आणि जनावराच्या मालकाने ती शपथ मान्य करावी. श्वापदाने जनावर फाडले असेल, तर त्याचे उरलेले अवशेष पुरावा म्हणून आणून दाखवावेत.

आजच्या क्लेमची सगळी अंगे येथे आहेत. पुरावा आहे, चौकशी आहे, आणि फॉर्मच्या शेवटी आपण ज्याखाली सही करतो ते प्रतिज्ञापनही आहे. एक फरक मात्र आहे. निर्गमातली शपथ देवासमोर घ्यायची होती. आपल्या फॉर्मवर देवाचे नाव नसते. म्हणून ती सही देवासमोर होत नाही, असे आपल्याला वाटू लागते.

आता आमच्या त्या कुटुंबाविषयी. काका मूळचे नंदुरबारकडचे, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला. काकू घरी साड्यांना खडे लावतात. डिंडोलीत त्यांनी कर्ज काढून एक लहानसा फ्लॅट घेतला. मुलगी अकरावीत आहे. तिला क्लासला जायला त्यांनी ९,५०० रुपयांची गिअरची सायकल घेऊन दिली होती, तीही दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून. त्या संध्याकाळी पार्किंग धुवायला काढले होते, म्हणून सायकल गेटच्या बाहेर भिंतीला लावली होती. चाकाला कुलूप होते. चोराने ते तोडलेही नाही, सायकल तशीच उचलून नेली.

काकूंनी पडुआच्या संत अंतोनीकडे प्रार्थना सुरू केली. हरवलेल्या वस्तूंसाठी आपण याच संताला का हाक मारतो, हे आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले नेहमी विचारतात. परंपरा सांगते की संत अंतोनीचा स्तोत्रांचा ग्रंथ खरे तर हरवलेला नव्हता, चोरीला गेला होता. मठ सोडून जाणारा एक नवशिका तो घेऊन गेला. अंतोनीने प्रार्थना केली, आणि ग्रंथाबरोबर तो नवशिकाही परत आला. म्हणजे ही प्रार्थना वस्तूसाठी आहे, तशी ती नेणाऱ्यासाठीही आहे. हे सांगितल्यावर काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्याच्यासाठी पण म्हणीन. पण सायकल आधी येऊ दे.” इतके प्रामाणिक बोलणे देव नक्कीच ऐकून घेत असेल.

काका पोलीस ठाण्यात गेले. इथे एक गोष्ट सर्वांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या ३०३व्या कलमात चोरीचा गुन्हा येतो. वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. तक्रारीची नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. कामगारांच्या बऱ्याचशा जुन्या सायकली याच हिशेबात बसतात. म्हणून खरेदीचे बिल जपून ठेवावे. त्यावरून वस्तूची किंमत दिसते. एफआयआर नोंदली गेली, तर तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. काकांकडे बिल होते, त्यामुळे त्यांची एफआयआर नोंदली गेली.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. चोरी ५,००० रुपयांहून कमी किमतीची असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी, असे कायदा सांगतो. हे वाचताना जक्कयाची आठवण होते. त्याने चौपट परत करायचे कबूल केले होते. परत करणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे, हे आता आपल्या देशाच्या कायद्यातही आले आहे.

मग विमा. फ्लॅटचे कर्ज घेताना बँकेतून काकांना घरसामानाची एक पॉलिसी मिळाली होती. हातात होते फक्त एक पानाचे प्रमाणपत्र. अटींची पुस्तिका त्यांना कोणी दिलीच नव्हती. आम्ही लेखी अर्ज करून ती मागवली आणि रविवारी मिस्सा झाल्यावर टेबलावर उघडून वाचली. चोरीची भरपाई होती, पण अट अशी होती की चोर विमा असलेल्या जागेत बळजबरीने, काही तोडून-फोडून शिरलेला असला पाहिजे. आपण बोलताना चोरी आणि घरफोडी हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. विम्यात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. हरचंद राय चंदन लाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हेच सांगितले. पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळाच्या वापराशी जोडलेली असेल, तर बळाचा वापर न होता झालेली चोरी त्या पॉलिसीत बसत नाही.

येथे प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन आठवते. पृथ्वीवर धन साठवू नका, असे सांगताना तो कसर, जंग आणि चोर यांची नावे घेतो. तिथे चोराच्या कृतीसाठी वापरलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खणून, भिंत पोखरून आत शिरणे असा आहे. तेव्हाची घरे मातीची होती आणि चोर भिंतीला भगदाड पाडत. प्रभूने सांगितलेला चोर आजच्या पॉलिसीच्या अटीत बरोबर बसला असता. काकांचा चोर बसत नव्हता.

ही गोष्ट बाहेर पडताच सल्ला द्यायला माणसे आली. आपल्याकडे अशा वेळी त्यांचा तोटा कधी नसतो. काकांच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर, एक शब्द तर बदलायचा आहे. ‘गेटच्या बाहेर’ नका लिहू, ‘गेटच्या आत’ लिहा. गेटचं कुलूप तोडलं म्हणा. वर्षानुवर्षं हप्ते घेतात ते लोक, त्यांना काय फरक पडतो?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. गरिबाचे पैसे त्याला परत मिळावेत, एवढेच त्यांना वाटत होते. आणि काकांनाही ९,५०० रुपये थोडे नव्हते. मिलमध्ये दिवसा-रात्रीच्या पाळ्या करून ते पैसे जमवलेले होते.

फॉर्म पुढे वाचत गेलो, तर खाली एक रकाना होता. कोणावर संशय आहे काय, असल्यास नाव लिहा. काकूंनी त्यावर बोट ठेवले आणि विचारले, “आत लिहिलं तर इथं कोणाचं नाव घालायचं?”

कोणीच बोलले नाही. गेटच्या आत रात्री एकच माणूस असतो. इमारतीचा वॉचमन. तो ओडिशातल्या गंजामचा. सुरतेच्या लूमवर गंजामची हजारो माणसे राबतात, तसाच तोही लूमवर काम करायला आला होता. पुढे तब्येत साथ देईना म्हणून वॉचमन झाला. जिन्याखाली झोपतो. सायकल बाहेर असताना गेली, तर त्याला कोणी विचारणार नाही. सायकल आत असताना कुलूप तोडून गेली, तर सर्वांत आधी त्यालाच ठाण्यात बोलावतील. कुलूप कसे तुटले, आवाज कसा आला नाही, किल्ली कोणाकडे होती? रकाना कोरा ठेवला, तरी उत्तर त्याच्याच दिशेने जाणार होते.

प्रियजनहो, आठव्या आज्ञेकडे नीट पाहा. ती नुसती खोट्याविषयी बोलत नाही. शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीविषयी बोलते. आम्ही वर्षानुवर्षे मुलांकडून ही आज्ञा पाठ करून घेतो, पण ‘शेजाऱ्याविरुद्ध’ हा शब्द त्या दिवशी जेवढा स्पष्ट दिसला तेवढा आधी दिसला नव्हता. खोटे बोलताना आपण ते हवेत बोलतो असे आपल्याला वाटते. कंपनी मोठी आहे, तिला चेहरा नाही, म्हणजे नुकसान कोणाचेच नाही. पण झालेली चोरी वेगळ्या रीतीने झाली असे सांगितले, की त्या वेगळ्या चोरीला वेगळा चोर लागतो. आपण त्याचे नाव लिहिले नाही, तरी कोणीतरी ते शोधतो. आणि शोधणाऱ्याची नजर ज्याच्यावर आधी पडते, तो बहुधा आपल्याहून गरीब असतो.

काकांनी पेन घेतले आणि ‘गेटच्या बाहेर, भिंतीजवळ’ असे लिहिले. सल्ला देणारे गृहस्थ मान हलवत निघून गेले.

चांगले नाव हेही एक धन आहे. मोठ्या संपत्तीपेक्षा ते श्रेष्ठ आहे, असे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी सांगितले आहे. आणि या धनाचा विमा कोणी उतरवत नाही. आपल्या सुरतेच्या इतिहासात याचा एक दाखला आहे. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मध्ये झाली. मोठमोठ्या सावकारांच्या हवेल्या रिकाम्या झाल्या. पण फ्रेंच प्रवासी बर्निए आपल्या प्रवासवर्णनात लिहितो की, कापुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या निवासाला महाराजांनी धक्का लागू दिला नाही, कारण हे पाद्री भले लोक आहेत असे ते मानत. आणखी एक घर वाचले. ते डचांच्या एका मृत दलालाचे होते. तो जिवंतपणी फार दानधर्म करीत असे, ही गोष्ट महाराजांच्या कानावर आली होती. बर्निएच्या सांगण्यात त्या दोन घरांचा आधार कुलूप किंवा पहारा नव्हता. लोकांच्या तोंडी असलेले नाव तेवढे होते. वॉचमनकडे तर दुसरे काहीच नाही. त्याचे नाव गेले, तर त्याची नोकरी गेली आणि जिन्याखालची जागाही गेली.

सुरतेला विमा नवा नाही. या बंदरात व्यापारी जोखमी हुंडी वापरत. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर नाही. कोणाचे तारू बुडाले आणि कोणाचे पोहोचले, याविषयीच्या खऱ्या शब्दावर तो सारा व्यवहार उभा होता. आजही तसेच आहे. ज्या ठेवीतून आपल्याला भरपाई मिळते, ती हजारो घरांच्या हप्त्यांतून जमते. त्या हजारांत आपल्यासारखीच मिलची माणसे आहेत, रिक्षावाले आहेत, विधवा आहेत. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सातव्या आज्ञेखाली (परिच्छेद २४०९) खोटी बिले करण्याचाही उल्लेख करतो, तो उगाच नव्हे. जुनी सायकल बिलाविना घेतलेली असते आणि ओळखीचा दुकानदार मागची तारीख टाकून बिल द्यायला तयार असतो. तेही ‘बाहेर’च्या जागी ‘आत’ लिहिण्यासारखेच आहे.

पण खरे बोलायचे म्हणजे मुकाट्याने हक्क सोडायचा, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाचे दार सोडत नाही, आणि प्रभू तिचे उदाहरण आपल्यापुढे ठेवतो. आपला क्लेम खरा असेल, तर शेवटपर्यंत मागावा. गुरशिंदर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २४ जानेवारी २०२० रोजी निकाल दिला. त्यांचा ट्रॅक्टर चोरीला गेला होता. पोलिसांत तक्रार त्याच दिवशी केली होती, पण विमा कंपनीला कळवायला ५२ दिवस लागले, म्हणून क्लेम नाकारला गेला होता. न्यायालयाने सांगितले की पोलिसांना लगेच कळवले असेल आणि चोरी खरी असेल, तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्याच कारणाने क्लेम नाकारता येणार नाही. खरे बोलणाऱ्याने लढायलाही घाबरू नये.

काकांचा क्लेम मात्र नाकारला गेला. तीन आठवड्यांनी पत्र आले, त्यात अटीचा क्रमांक दिला होता. आम्ही ती अट पुन्हा वाचली. कागदाप्रमाणे कंपनीचे म्हणणे बरोबर होते, म्हणून पुढे तक्रार केली नाही. सायकलही सापडली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात एक पाठमोरी आकृती दिसते, एवढेच. ते चित्रण मिळावे म्हणून दुकानदाराची समजूत कोणी घातली, ठाऊक आहे? त्याच वॉचमनने. त्या फॉर्मवर काय लिहिले जाणार होते, हे त्याला आजही माहीत नाही.

यातून आपल्या कुटुंबांसाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरासाठी २०२१च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सर्वत्र मिळते. आग, पूर, भूकंप यांसाठी ती उपयोगी आहे. पण तिच्यात चोरी येते ती अशा आपत्तीमुळे, आणि आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झाली तरच. २००६च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले होते, तशी वेळ आली आणि बंद घरातून सामान गेले, तर ती लागू पडेल. रोजच्या सायकलचोरीला नाही. काही व्यापक गृह-पॉलिसींमध्ये सायकलीसाठी वेगळा विभाग असतो, तो मागून घ्यावा लागतो. एजंटला सरळ विचारा: सायकल गेटच्या बाहेरून गेली तर काय? उत्तर लेखी घ्या. सायकलीच्या फ्रेमवर, बहुधा पेडलच्या जोडाखाली, एक क्रमांक कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. गुजरातसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे, महाराष्ट्रात मुंबई, पुणे अशा ठिकाणी. फी नाही, वकील लागत नाही. फॉर्म भरायला अडचण असेल, तर रविवारी मिस्सानंतर आम्ही टेबलावर असतोच. आपल्या जवळच्या मंडळीतही असे टेबल मांडता आले, तर तीही मोठी सेवा होईल.

‘विमा’ या शब्दाचे नाते फारसी ‘बीम’शी सांगतात, आणि बीम म्हणजे भय. भय सर्वांनाच आहे. कष्टाने घेतलेली वस्तू जाईल, पोरीचा क्लास चुकेल, हप्ता थकेल. भय वाटणे पाप नाही. प्रभू शिष्यांना पुन्हा पुन्हा भिऊ नका म्हणाला, ते त्यांना भय वाटत होते म्हणूनच. आपले भय हलके करायला आपण ते शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकतो का, एवढे मात्र प्रत्येक सहीच्या आधी पाहावे.

प्रार्थना करू या:

हे स्वर्गीय पित्या, आमच्या घरांतल्या लहानसहान वस्तू तुला ठाऊक आहेत, आणि त्या कशा कष्टाने आल्या तेही. ज्यांचे काही चोरीला गेले आहे त्यांना धीर दे. ज्याने नेले त्याला परत येण्याची वाट दाखव. कागदावर सही करताना, जिथे तुझे नाव लिहिलेले नसते तिथेही, आम्ही तुझ्यासमोर आहोत याचे भान आम्हांला असू दे. आमच्या शब्दाने कोणाही गरिबाची झोप उडू नये. आमचा हक्क मागण्याचे बळ आम्हांला दे, आणि तो खऱ्या शब्दांतच मागण्याची कृपा दे. हे आम्ही आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे मागतो. आमेन.